डाव्या दांडीतलं तेल

मोटरसायकलचे पुढचे शॉकअप बदलताना केलेली यादी माझ्याकडे अजून आहे. तेवीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आणि शेवटी माझी सही, दवाखान्याच्या साठ्याच्या वहीत करायचो तशी. हँडलचा कोनसेट नवा. दांड्या धरणारी वरची टी, खालची टी. शॉकअपच्या दोन्ही दांड्या काचेवर फिरवून सरळ असल्याची खात्री. ऑइल सील दोन. ब्रेकची केबल चार बोटं लांब. एवढं सगळं लिहून आणि तपासून मी त्याच मोटरसायकलवरून पडलो. पडलो ते यादीत नसलेल्या चोविसाव्या गोष्टीमुळे. ती गोष्ट म्हणजे चहाचा एक गिलास. तो माझ्या हातात होता, मी त्यातून चहा प्यालो होतो, आणि तो मोजायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

मी तेव्हा निपाणीपासून थोड्या अंतरावरच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. ऐंशीनंतरची वर्षं. लहान मुलांना लस टोचायचं काम नुकतंच खेड्याखेड्यांतून जोरात सुरू झालं होतं. लस बर्फात ठेवायची, बर्फ थर्मास फ्लास्कात, फ्लास्क पिशवीत आणि पिशवी माझ्या गळ्यात. बारा गावं माझ्याकडे होती. त्यांतल्या सात गावांना बस दिवसातून एकदाच जायची, तीही दुपारी. तोवर बर्फाचं पाणी व्हायचं आणि बाया रोजगार बुडवून किती वेळ थांबणार? म्हणून मी मोटरसायकलवर सकाळीच जायचो.

मोटरसायकल जुनी होती, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची. कोल्हापुरात चिखलातल्या शर्यतीत पळवणाऱ्या एका गड्याकडून घेतलेली. इंजिन म्हणजे खणखणीत नाणं. चढावर ट्रकांना मागं टाकायची. पण शर्यतीतल्या उड्या मारून मारून तिच्या पुढच्या शॉकअपमध्ये काही जीव उरला नव्हता. मुळातच दांड्या बारीक, त्यात स्प्रिंगा बसलेल्या. खड्डा आला की दांडी तळाला आपटायची आणि तो दणका हँडलातून थेट माझ्या छातीवरच्या पिशवीत जायचा. फ्लास्कच्या आतली काच किती नाजूक असते ते ज्याची फुटलीय त्यालाच माहीत. वरून काही दिसत नाही. हलवलं की आत खळखळ वाजतं, बस.

एका हिवाळ्यात माझे दोन फ्लास्क फुटले. चिकोडीच्या तालुका कचेरीतल्या साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं की तिसरा फुटला तर फिरतीचं काम दुसऱ्याकडे देऊ, तुम्ही दवाखान्यात स्टोअर सांभाळा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं.

स्टोअर म्हणजे जाळीची खिडकी आणि गोळ्या मोजायचा चमचा. काम वाईट नाही, पण मला ते नको होतं. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेला मी तिसरा. पण गावात मोटरसायकलचा आवाज आला की बाया पोरं काखेला मारून घराबाहेर येतात, वाट बघत उभ्या राहतात, असा मी पहिलाच. फिरतीत मी माणूस होतो. स्टोअरात मी जाळीमागचा हात झालो असतो. म्हणून तिसरा फ्लास्क फुटता कामा नये, एवढंच मी ठरवलं, आणि वही काढली.

फ्लास्क फुटायची कारणं लिहून काढली. रस्ता माझ्या हातात नव्हता. वेळेत पोचायचं तर वेगही कमी करता येत नव्हता. पिशवीत आत जुनी गोधडी भरली, थोडा फरक पडला. उरले शॉकअप. स्प्रिंगा बदलून भागणार नव्हतं, कारण दांड्याच कमजोर होत्या. नव्या जातीच्या जड गाडीचे पूर्ण शॉकअप, टीसकट, या गाडीला बसवायचे, असं मी ठरवलं. ऐकणारे हसले. एकानं विचारलं, म्हाताऱ्या बैलाला नवी शिंगं लावतोयस व्हय?

चार रविवार मी बेळगावला भंगाराच्या दुकानांत घालवले. खासबागेत एका दुकानाच्या मागच्या बाजूला साडेतीनशेची एक गाडी पडली होती. कोगनोळी नाक्यावर ट्रकनं मागून ठोकलेली. मागचं चाक आठ आकड्यासारखं झालेलं, पण पुढच्या बाजूला खरचटलंही नव्हतं. दांड्या माझ्या गाडीच्या दीडपट जाड. दुकानदाराकडे त्या गाडीचं इंग्रजी पुस्तकही होतं, अर्धं उंदरांनी खाल्लेलं. शॉकअपचं पान शाबूत होतं. त्यातलं मी लिहून घेतलं: प्रत्येक दांडीत तेल एकशे सत्तर ते एकशे ऐंशी मिली. मग सगळा ऐवज पोत्यात गुंडाळून बसच्या टपावरून निपाणीला आणला.

काम करणारा मिस्त्री निपाणी–चिकोडी रस्त्यावरच्या एका फाट्यावर होता. त्याच्याबद्दल वाईट लिहायचं म्हटलं तरी आधी हे लिहायला पाहिजे की त्याच्या हातासारखा हात मी नंतर पाहिला नाही. इंजिनाचा आवाज ऐकून तो कोणतं बेअरिंग गेलं ते सांगायचा. दोन गाड्यांचं जुळत नसलेलं त्यानं असं जुळवलं की जणू कारखान्यातूनच तसं आलंय. हँडलखालच्या स्टेमला फट भरायचा बुश लागेल, तो किती जाडीचा, हे त्यानं बोटानं चाचपून सांगितलं आणि निपाणीच्या लेथवर मोजलं तर सुताचाही फरक नव्हता. मला तो डाक्टर म्हणायचा. ‘डाक्टर, बसा.’ ‘डाक्टर, हिकडं धरा जरा.’ त्याच्या थोरल्या पोरीला लस मीच टोचली होती.

त्याच्या शेडसमोर एक चहाचं हॉटेल होतं. मालक म्हातारा, सगळे त्याला आप्पा म्हणायचे, मीही. मिस्त्रीनं हाक मारली की आप्पा दोन चहा पाठवायचा. मिस्त्रीचा चहा उभ्या रेघांच्या छोट्या गिलासात. माझा चहा दुसऱ्या गिलासात. हा दुसरा गिलास जाड, उंच, हिरवट काचेचा, आणि तो हॉटेलच्या आत कधी जात नसे. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथं तो पालथा असायचा. चहा पिऊन झाला की रांजणातलं पाणी घेऊन तो आपण विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. आम्ही बौद्ध. फाट्याच्या आसपासच्या गावांत हे सगळ्यांना माहीत होतं. आप्पा तर माझ्या वडिलांना नावानं ओळखायचा.

निपाणीत मी कुठल्याही हॉटेलात बसून चहा प्यायचो. बेळगावात तर प्रश्नच नव्हता. फाट्यावर मात्र तो हिरवा गिलास. आणि मी त्यातून पीत होतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मिस्त्रीची गरज होती, चहाची तल्लफ होती, पुढच्या गावाला उशीर होत होता. ही कारणं मी आज लिहितोय. तेव्हा मी कारणही शोधलं नव्हतं. गिलास समोर यायचा, मी प्यायचो, विसळायचो, पालथा घालायचो. बारीकसारीक गोष्टींची यादी करणारा माणूस, आणि या गोष्टीची एक ओळ कुठल्याही वहीत नाही.

तेलाचं माप मिस्त्रीचं स्वतःचं होतं. एका दांडीला एक गिलास, काठापर्यंत. त्याचा सगळा व्यवहार त्याच मापानं चालायचा. मला ते पटलं नाही. मी दवाखान्यातला काचेचा मेजर नेला, मिस्त्रीचा रेघांचा गिलास पाण्यानं काठोकाठ भरला आणि मेजरमध्ये ओतला. एकशे पंच्याहत्तर. पुस्तकातल्या आकड्याच्या बरोबर मध्ये. मिस्त्री माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, वीस वर्षं हेच माप आहे, तुम्ही आज तपासलंत. मी यादीत खूण केली.

शनिवारी संध्याकाळी डावी दांडी जुळून झाली, फक्त तेल भरायचं राहिलं. उजवीच्या वरच्या टोपणाची चुडी, म्हणजे आटे, खराब निघाली, ती सोमवारी लेथवरून करून आणायची ठरलं. मी पायरीवर बसून चहा पीत होतो तेवढ्यात निपाणीची बस आली. शेवटची बस होती. मी गिलास तसाच पायरीवर ठेवला आणि पळालो. विसळला नाही, कोनाड्यात ठेवला नाही. एवढंच माझ्या हातून झालं.

सोमवारी संध्याकाळी गेलो तेव्हा डावीबरोबर उजवी दांडीही तेल भरून तयार झाली होती. दोन्ही दांड्या चमकत होत्या. चहा आला. त्याला तेलाचा वास येत होता. माझे हात तेलकट आहेत म्हणून असेल, असं समजून मी तो पिऊन टाकला.

त्यानंतरचे बारा दिवस मी कधी विसरणार नाही. गाडीचं पुढचं चाक जणू रस्ता वाचत चालायचं. खड्डा यायचा, दांडी आत जायची, वर यायची, आणि छातीवरच्या पिशवीत काहीच नाही. बर्फाचा तुकडाही वाजत नव्हता. चढावर पूर्वी हँडल थरथरायचं, ते थांबलं. तीन गावं झाली, चार झाली. मी साहेबांना निरोप पाठवला की फ्लास्कची काळजी नको.

पाचवं गाव फाट्यापासून सहा किलोमीटर आत आहे. शेवटी एक लांब उतार, उताराच्या तळाशी ओढ्याची फरशी आणि पलीकडं गाव. उतार निम्मा झाल्यावर मी ब्रेक दाबला आणि ब्रेक लागलाच नाही. लीव्हर दबत होता, चाक थांबत नव्हतं. खाली पाहिलं तर डाव्या दांडीवरून तेल ओघळत होतं, चाकाच्या ड्रमवर, टायरवर. मागचा ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली. पडताना मी पिशवी दोन्ही हातांनी धरली, म्हणून कोपर सोलवटलं. उठून पहिल्यांदा पिशवी हलवली. आत खळखळलं.

गाडी तिथंच टाकून मी चालत गावात गेलो, कारण अंगणवाडीच्या ओट्यावर बाया थांबल्या होत्या. सदतीस जणी. मागच्या आठवड्यात मीच घरोघर जाऊन सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं की आज लस नाही, पुढच्या आठवड्यात येतो. कोणी ओरडलं नाही. एक बाई तंबाखूच्या रानातून आली होती, तिच्या हाताला काळा चिकटा तसाच होता, काखेत सहा-सात महिन्यांचं पोर. पहिल्या फेरीत तिला घरातून बाहेर काढायला मला अर्धा तास लागला होता. ती माझ्या कोपराकडे बघत म्हणाली, ‘मी पुन्यांदा येनार न्हाय. माझा रोज बुडतोय.’ आणि गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या.

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फाट्यावर नेली. दुसऱ्या दिवशी मी मेजर घेऊन गेलो. मिस्त्री म्हणाला, सील खराब निघालं, नशीब. मी म्हटलं, आधी दोन्ही दांड्यांतलं तेल काढ. उजवीतून एकशे बहात्तर निघालं. डावीचं सील फुटून इतकं तेल रस्त्यावर गेलं होतं, तरी तिच्यातून एकशे नव्वद निघालं. म्हणजे मुळात तिच्यात भरपूर जास्त होतं. एवढं तेल दाबलं की जागा उरत नाही, आणि जागा उरली नाही की तेल सील फोडून बाहेर येतं. हे मिस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तो मेजरकडं बघत राहिला.

‘दोन्हीला एकेक गिलास घातलाय,’ तो म्हणाला. ‘आईच्यान.’

कुठला गिलास, मी विचारलं.

त्याला आठवायला वेळ लागला नाही. लपवावं असं त्याला वाटलंच नाही. म्हणाला, ‘उजवीला माझा. डावीला तुमचा. शनवारी पायरीवर पडला हुता न्हवं. म्हटलं, तेलानं घान झाला तरी कुनाचं काय जातंय.’

मी कोनाड्यातून हिरवा गिलास आणला, काठापर्यंत पाणी भरलं आणि मेजरमध्ये ओतलं. मेजर दोनशेचा होता, दोनदा ओतावं लागलं. दोनशे चाळीस.

‘मग तो मोठा हाय हे मला कसं कळनार?’ मिस्त्री म्हणाला. ‘मी कदी त्यातनं प्यालोय व्हय?’

हे वाक्य मी त्या संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. तो वाद घालत नव्हता. कुत्सितपणाही नव्हता. खरंच सांगत होता, जसं एखादा म्हणेल की मी त्या गावाला कधी गेलो नाही. वीस वर्षं समोरच्या भिंतीत असलेला गिलास, पण तो किती मोठा आहे हे डोळ्यांनीही मापलं नव्हतं. बोटानं चाचपून बुशाची जाडी सांगणाऱ्या माणसानं. मी विचारलं, त्याच गिलासातून सोमवारी मला चहा दिलास? तो म्हणाला, रॉकेलनं चांगला पुसून ठेवला होता.

आप्पा हॉटेलच्या दारातून ऐकत होता. त्याला वाटलं मी गिलासाच्या आकाराबद्दल तक्रार करतोय. म्हणाला, ‘मुद्दाम मोठा ठेवलाय मी. तुमच्या मानसांना कमी पडाया नको म्हनून. आन् भरून देतोय. त्यात बी नाव ठेवा.’

राग एवढा होता की कुठून सुरुवात करावी ते कळेना. आणि माझी सवय अशी की सुरुवात कळल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. मेजर पुसला, पिशवीत ठेवला, घरी आलो.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते तेव्हा थकले होते, खाटेवर बसून असायचे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेल, दोनशे चाळीस, फ्लास्क, सदतीस बाया. मग विचारलं, ‘गिलास धुऊन ठिवला न्हाईस व्हय?’

मी म्हटलं, बस आली होती.

‘बस आली तरी धुऊन ठिवायचा रं. मग ह्ये झालं नसतं.’

त्यांचं म्हणणं खरंच होतं, हाच त्यातला सगळ्यात वाईट भाग. गिलास विसळून कोनाड्यात ठेवला असता तर मिस्त्रीनं आपलाच वापरला असता, माप बरोबर आलं असतं, फ्लास्क वाचला असता. नियम पाळला असता तर सगळं ठीक झालं असतं. त्या रात्री मी जेवलो नाही. माझा राग मिस्त्रीवर होता, आप्पावर होता, वडिलांवरही होता, पण सगळ्यात जास्त त्या पायरीवर बसून मुकाट्यानं चहा पिणाऱ्या माणसावर होता.

तीन दिवसांनी चिकोडीहून लेखी खुलासा मागवणारं पत्र आलं. तिसरा फ्लास्क कसा फुटला? खुलासा कानडीत द्यायचा असायचा. माझं शिक्षण मराठीतलं, पण कानडी कामापुरतं लिहायचो. कारकुनाकडून लिहून घेतलं नाही, स्वतः लिहिलं. मुद्दे क्रमानं घातले. पहिला, मोटरसायकलच्या डाव्या दांडीत पासष्ट मिली तेल जास्त भरलं गेलं. दुसरा, त्यामुळे सील फुटून तेल ब्रेकवर आलं. तिसरा, तेल जास्त भरलं गेलं कारण फाट्यावरच्या हॉटेलात दोन प्रकारचे गिलास आहेत आणि त्यांतला एक फक्त आमच्या समाजासाठी वेगळा ठेवलेला आहे, त्यानं तेल मोजलं गेलं. चौथा, पुढे असं होऊ नये म्हणून तेल मी स्वतः मोजून भरणार आहे. खाली सही.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मला बसायला सांगितलं. ते धारवाडकडचे होते, सभ्य माणूस, मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं की तिसरा मुद्दा राहिला तर त्यांना हा कागद वर पाठवावा लागेल. मग पोलीस, मग तहसीलदार, मग फाट्यावर पंचनामा. त्याचा निकाल लागेपर्यंत तुम्ही स्टोअरात. आणि निकाल लागल्यावर त्याच फाट्यावरून आठवड्यातून दोनदा एकट्यानं जाणार कोण? तुम्हीच ना? त्यापेक्षा रस्ता खराब असं लिहा, मी फ्लास्क नवा देतो, फिरती तुमच्याकडेच ठेवतो. शेवटी कानडीत म्हणाले, ‘होगली बिडरी.’ जाऊ द्या हो.

साहेबांच्या टेबलावर चहा होता, दोन कप, एकसारखे. त्यांनी एक माझ्याकडं सरकवला होता. मला त्या सदतीस बाया आठवल्या आणि बसची वेळ आठवली. कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ओढ्याजवळचा उतार अत्यंत खराब असल्यामुळे वाहन घसरले. त्या ओढ्याचा उतार माझ्या बाराही गावांत सगळ्यात चांगला होता. साहेबांनी सही केली. पहिला कागद मी मागून घेतला. तो माझ्याकडे तेवीस ओळींच्या यादीला टाचून ठेवलाय.

फिरती माझी राहिली. गाडी मिळवायला मला फाट्यावर जावं लागणारच होतं.

मिस्त्रीनं गाडी तयार ठेवली होती. नवं सील घातलेलं, ड्रम रॉकेलनं धुतलेला, ब्रेकच्या पट्ट्या नव्या. आणि मला दाखवायला त्यानं एक वस्तू काढली. रॉकेल मोजायचं पत्र्याचं माप, दांडी असलेलं. निपाणीच्या बाजारातून आणून त्यानं त्याच्या आत हॅक्सॉनं बारीक खाच मारली होती. त्याच्या रेघांच्या गिलासातलं पाणी ओतून जिथं आलं तिथं. ‘एकशे पंच्यात्तर,’ तो म्हणाला. ‘आता चूक हुनार न्हाय, डाक्टर. लई इचार केला मी.’ तो खरंच आनंदात होता. मी मेजरनं तपासलं. माप अचूक होतं. दोन्ही दांड्या माझ्यासमोर खोलून त्यानं पुन्हा भरून दाखवल्या.

मग त्यानं आप्पाला हाक मारली आणि चहा आला. एक रेघांच्या गिलासात, एक हिरव्या.

मी पायरीवर बसलो होतो. दोन्ही गिलास आमच्या मध्ये ठेवलेले. मिस्त्री चिंधीला हात पुसत होता. मी हात लांब करून रेघांचा गिलास उचलला आणि एक घोट घेतला.

‘डाक्टर, त्यो माझा,’ तो म्हणाला.

‘व्हय. एकशे पंच्याहत्तर मिलीचा. मी मोजलाय.’

त्यानं हॉटेलकडं पाहिलं. आप्पा दारात आला होता. मी सावकाश प्यायलो. चहा फार गोड होता. हिरवा गिलास तसाच वाफ सोडत राहिला.

‘प्या की,’ मी म्हटलं. ‘मोठा हाय.’

मिस्त्री हसायला गेला, पण हसू आलं नाही. मी वाट बघितली. चहावर साय धरली. एक माशी गिलासाच्या काठावर बसली, त्यानं ती हाकललीही नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला तो गिलास उचलता येत नव्हता, एवढंच. ज्या हातानं त्यानं त्यात तेल ओतलं होतं, त्याच हाताला.

मी रेघांचा गिलास रिकामा करून पायरीवर ठेवला. विसळला नाही. पिशवी गळ्यात घातली, नवा फ्लास्क, नवा बर्फ, आणि किक मारली. पुढे वर्षानुवर्षं मी त्या फाट्यावरून गेलो. गाडीचं लहानमोठं काम त्याच्याकडेच असायचं, तेल मात्र मी घरीच बदलायचो. माझ्यासमोर त्यानं पुन्हा कधीही चहा मागवला नाही. स्वतःसाठीसुद्धा नाही. त्याला वाटत असावं की तेवढ्यानं सगळं मिटलं.

त्या दिवशी फाट्यावरून मी सरळ ओढ्यापलीकडच्या गावाला गेलो. उतारावर ब्रेक दाबला, चाक जिथल्या तिथं थांबलं. पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. पिशवी हलवून पाहिली, आत फक्त बर्फ. शॉकअप म्हणावे तर असे. त्या गाडीवर त्यानंतर एकही फ्लास्क फुटला नाही.

अंगणवाडीच्या ओट्यावर अकरा जणी होत्या. मागच्या खेपेला सदतीस होत्या. मी यादी काढली आणि पहिलं नाव घेतलं. ते तंबाखूच्या रानातल्या बाईच्या पोराचं होतं. कोणी ओ दिली नाही. मी पुन्हा घेतलं.